मुद्देमाल वाचणारी यंत्रं

१६ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरातल्या एका टीव्ही वाहिनीच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत चिठ्ठी, गळ्यातली एक साखळी आणि जांभळ्या रंगाची फ्लॉपी होती. पाठवणाऱ्याला सगळं शहर ‘बीटीके’ या टोपणनावानं ओळखत होतं. १९७४ ते १९९१ या काळात त्यानं दहा जणांचा जीव घेतला होता, आणि वर पोलिसांना, वर्तमानपत्रांना पत्रं धाडून फुशारक्या मारायची त्याला खोड होती. गडी तसा सावध. फ्लॉपी पाठवण्याआधी त्यानं पोलिसांनाच विचारून घेतलं होतं, की यावरून माझा माग लागेल का? उत्तर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून द्यावं, अशी त्याची अट होती. पोलिसांनी काळजीचं कारण नाही अशा अर्थाची जाहिरात छापून आणली आणि त्यानं ती खरी मानली.

फ्लॉपीत वरवर पाहता फारसं काही नव्हतं. ‘एनकेस’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून ती उघडल्यावर मात्र पुसून टाकलेली एक वर्ड फाइल हाती लागली. फाइल डिलीट केली म्हणून तिचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. संगणक फक्त ती जागा मोकळी झाल्याची नोंद करतो. या फाइलच्या पोटात दोन गोष्टी होत्या. एका ल्यूथरन चर्चचं नाव, आणि शेवटचा बदल कोणी केला या रकान्यात ‘डेनिस’. इंटरनेटवर चर्चचं नाव शोधलं तर तिथल्या मंडळाचा अध्यक्ष निघाला डेनिस रेडर. नऊ दिवसांनी तो कोठडीत होता. त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यातल्या डीएनएनं उरलीसुरली शंका मिटवली.

हा किस्सा सांगताना लोक रेडरच्या भाबडेपणावर हसतात. तपासाच्या इतिहासात मात्र त्या फ्लॉपीचा आकार जास्त महत्त्वाचा आहे. तिच्यात मावतात १.४४ मेगाबाइट. म्हणजे जाणकार माणसानं खुर्चीत बसून सगळी पाहून संपवावी एवढीच ती चीज. एक तपासनीस, एक साधन आणि एक मुद्देमाल, असा सगळा हिशेब. हा हिशेब त्या वेळीच मोडकळीला आला होता.

एफबीआयनं संगणकावरच्या पुराव्यासाठी वेगळं काम सुरू केलं ते १९८४ मध्ये. त्या काळच्या तपासनिसांकडे खास अशी अवजारं नव्हतीच. बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करायला बाजारात मिळणारी सॉफ्टवेअर घ्यायची आणि पडद्यावर सोळा-सोळा बाइटच्या ओळी डोळ्यांनी चाळायच्या. डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं. अक्षरांत कुठे नाव, पत्ता, फोन नंबर दिसला की थांबायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी हे चित्र पालटलं. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या गायडन्स सॉफ्टवेअर या कंपनीनं पुढच्या वर्षी एनकेस बाजारात आणलं. डिस्कची बाइट न् बाइट जशीच्या तशी नक्कल काढायची, मूळ डिस्क मोहोरबंद करून ठेवायची, नकलेत पुसलेल्या फाइल शोधायच्या आणि शेवटी न्यायालयात देण्याजोगा अहवाल काढायचा, हे सगळं एका खिडकीत आलं. अॅक्सेसडेटाचं ‘एफटीके’ त्याचं प्रतिस्पर्धी.

सिम्सन गार्फिंकेल या अमेरिकी संशोधकानं २०१० मध्ये लिहिलेल्या एका लेखात १९९९ ते २००७ या काळाला डिजिटल फॉरेन्सिकचं सुवर्णयुग म्हटलं. त्याची कारणंही त्यानं दिली आणि ती पटण्यासारखी आहेत. बहुतेकांच्या घरी विंडोज एक्सपी. फाइलचे ठरावीक प्रकार. गुन्ह्यात एखादाच संगणक, आणि त्याची डिस्क स्क्रू काढून बाहेर घेता येणारी. तपास यंत्रणा हुशार होत्या यापेक्षा मुद्देमाल सोपा होता, असाच याचा अर्थ निघतो. सुवर्णयुगं बहुधा संपल्यावरच ओळखू येतात, हेही तसंच.

डिस्क मोठ्या होत गेल्या तशी पहिली अडचण आली ती कचऱ्याची. एखाद्या विंडोज संगणकावर हजारो फाइल अशा असतात, की त्या मालकानं कधी उघडूनही पाहिलेल्या नसतात. मायक्रोसॉफ्टच्या, प्रिंटरवाल्याच्या, खेळांच्या. यातल्या प्रत्येक फाइलवर नजर टाकायची म्हणजे तपास अधिकारी निवृत्त व्हायचा. उपाय निघाला गणितातून. कोणत्याही फाइलवर ठरावीक आकडेमोड केली की तिचा एक आखूड ठसा तयार होतो, त्याला हॅश म्हणतात. रॉन रिव्हेस्टनं १९९१ मध्ये तयार केलेल्या एमडी५ पद्धतीत तो ३२ अक्षर-आकड्यांचा असतो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. मग ओळखीच्या, निरुपद्रवी फाइलचे ठसे आधीच गोळा करून ठेवले तर? अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक गुप्तवार्ता केंद्रानं १९९६ मध्ये ‘हॅशकीपर’ नावानं असा संग्रह केला. पुढे एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेनं हे काम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतलं. मेरीलँडमधल्या गेदर्सबर्ग इथे तिनं सॉफ्टवेअरचं चक्क एक ग्रंथालयच उभारलं. दुकानात मिळणारी सॉफ्टवेअर विकत किंवा दान म्हणून घ्यायची, आतल्या प्रत्येक फाइलचा ठसा काढायचा आणि याद्या जगभरच्या तपास यंत्रणांना फुकट द्यायच्या. यादीशी जुळलेली फाइल बाजूला, उरलेली माणसाच्या नजरेखाली. तांदूळ निवडताना खडे वेचतात. इथे आधी तांदूळच उचलून टाकायचे आणि ताटात खडे राहू द्यायचे.

हीच युक्ती उलट्या दिशेनंही चालली. बालकांच्या लैंगिक छळाच्या ज्ञात चित्रांचे ठसे ठेवले की नव्या डिस्कवर ती यंत्रच ओळखतं. त्यात एक अडचण होती: चित्राचा आकार थोडा बदलला की हॅश जुळत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये ‘फोटोडीएनए’ तयार केलं. ते बाइट न पाहता चित्राच्या छटांवरून ठसा काढतं. तपासनिसांच्या डोळ्यांवरचा आणि मनावरचा केवढा भार त्यानं उतरवला, याची गणती कुठल्या अहवालात होत नाही.

गार्फिंकेलची स्वतःची वाट मात्र निराळी होती, आणि ती सुरू झाली भंगारातून. १९९८ मध्ये त्यानं दहा वापरलेले संगणक विकत घेतले. पाहतो तर एक कुठल्याशा वकिलांच्या कचेरीतला, आतली कागदपत्रं शाबूत. मग २००० ते २००२ या काळात, एमआयटीत असताना, त्यानं आणि अभी शेलट यांनी ईबेवरून आणि इतर ठिकाणांहून १५८ जुन्या डिस्क गोळा केल्या. १२९ चालू निघाल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक. एक डिस्क तर बहुधा इलिनॉयमधल्या एटीएम यंत्रातली होती.

एवढ्या डिस्क हातानं उघडून पाहणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं फाइल, फोल्डर, मालकाची मांडणी हे सगळं बाजूला सारून डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सरळ धावत जाणारे प्रोग्रॅम लिहिले. वाटेत ईमेलसारखं, कार्ड क्रमांकासारखं काही दिसलं की टिपून घ्यायचं. कार्ड क्रमांक ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबानं ठरलेला असतो. उजवीकडून मोजत एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर त्याचे अंक मिळवायचे, सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला नाही तर तो कार्ड क्रमांक नव्हेच. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची ही १९५० च्या दशकातली पद्धत आकडे उतरवताना होणाऱ्या चुका पकडायला होती. ती आता चोर पकडायला आली. पुढे याच विचारातून ‘बल्क एक्स्ट्रॅक्टर’ हे मोफत साधन तयार झालं.

त्याची परीक्षा २०१० च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथे झाली. क्रेडिट कार्ड फसवणुकीचे दोन आरोपी. प्राथमिक सुनावणी दुसऱ्या दिवशी, आणि तपासनिसाच्या हातात २५० जीबीची डिस्क पडली ती आदल्या दिवशी. एरवी अशा डिस्कला कित्येक दिवस लागायचे. आमचे अशील साधे, त्यांना संगणकातलं काय कळतं, असा बचाव होणार हे सरकारी वकिलांना ठाऊक होतं. अडीच तासांत यंत्रानं डिस्कवरून दहा हजारांवर कार्ड क्रमांक काढले. त्यातले वेगवेगळे सुमारे हजार. डिस्कवर सर्वांत जास्त वेळा आलेला ईमेल पत्ता मुख्य आरोपीचा, म्हणजे डिस्क कोणाची याचं उत्तर मिळालं. सर्वांत जास्त वेळा केलेले शोध कार्ड फसवणुकीविषयीचे, म्हणजे हेतूचंही. इथे यंत्र फक्त शोधून थांबलं नाही, त्यानं मोजून वरखाली क्रम लावला आणि त्या क्रमातूनच आरोपाची मांडणी झाली. आरोपी कोठडीत राहिले.

त्याआधीच्या दशकात काळाची उतरंड लावणारी साधनंही आली होती. डॅन फार्मर आणि वीत्से वेनेमा यांच्या ‘कॉरोनर्स टूलकिट’नं २००० मध्ये फाइल केव्हा बदलली, केव्हा वाचली याच्या वेळा एका माळेत ओवल्या. क्रिस्टिन गुडजॉन्सन यांच्या ‘लॉगटूटाइमलाइन’नं त्यात ब्राउझरचा इतिहास, संगणकाच्या नोंदी असं बरंच काही आपोआप मिसळायला घेतलं.

आणि मग आला ८४ चा आकडा.

२०११ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथे केसी अँथनी या तरुण आईवर आपल्या दोन वर्षांच्या मुलीच्या खुनाचा खटला चालू होता. सगळी अमेरिका टीव्हीसमोर बसून तो पाहत होती. घरातल्या संगणकावर मार्च २००८ मध्ये क्लोरोफॉर्मविषयीचं एक पान ८४ वेळा उघडलं गेलं, असा सरकार पक्षाचा दावा होता. एकदा उघडलं तर कुतूहल म्हणता येईल. ८४ वेळा म्हणजे बेत. हा आकडा ‘कॅशबॅक’ या सॉफ्टवेअरनं दिला होता आणि त्याचा निर्माता स्वतः साक्षीला उभा राहिला होता.

साक्ष देऊन झाल्यावर त्यालाच खटकायला लागलं. शेरीफच्या कार्यालयानं आधी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं तीच फाइल तपासली होती आणि तिथे उत्तर आलं होतं, एकदा. मग एकाच फाइलची दोन उत्तरं कशी? फाइल होती फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्तीची, ‘मॉर्क’ नावाच्या किचकट पद्धतीनं लिहिलेली. या पद्धतीत पानाचा पत्ता एकीकडे आणि भेटींची संख्या दुसरीकडे लिहिलेली असते, त्यांना जोडतात खुणेचे क्रमांक. आणि एकदाच उघडलेल्या पानापुढे संख्या लिहिलेलीच नसते. त्यात ही फाइल डिस्कच्या मोकळ्या जागेतून अर्धीमुर्धी परत मिळवलेली. निर्मात्यानं आपलं सॉफ्टवेअर दुरुस्त करून ती पुन्हा चालवली. ८४ भेटी मायस्पेस या संकेतस्थळाच्या होत्या. क्लोरोफॉर्मचं पान उघडलं होतं एकदाच. त्यानं सरकारी वकिलांना आणि पोलिसांना कळवलं, पण ज्युरीच्या कानावर ही दुरुस्ती कधीच गेली नाही. ५ जुलैला ज्युरीनं आरोपीला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं, म्हणून हे प्रकरण पचलं. निकाल उलटा लागला असता तर एका मोकळ्या रकान्यापायी केवढं रामायण झालं असतं!

या खटल्याला शेपूटही आहे. २०१२ मध्ये उघड झालं, की मूल शेवटचं दिसलं त्या दिवसाची माहिती काढताना तपासनिसांनी फक्त इंटरनेट एक्सप्लोररचा इतिहास घेतला होता. घरात वापर होता तो मुख्यतः फायरफॉक्सचा. त्या दिवसाच्या बाराशेहून अधिक नोंदी कोणी पाहिल्याच नाहीत, आणि गुदमरवण्याविषयी कोणीतरी केलेला एक शोध त्यांतच होता. म्हणजे एकाच घरातल्या एकाच संगणकाबाबत यंत्रानं एकाचे ८४ केले आणि माणसानं बाराशेचं शून्य केलं. ‘यंत्र चुकतं, माणूस सावध असतो’ किंवा याच्या उलट, असा सोयीचा निष्कर्ष काढू पाहणाऱ्याची इथे पंचाईत होते.

युरोपात तोवर वेगळाच प्रयोग आकार घेत होता. हेगमधल्या नेदरलँड्स फॉरेन्सिक इन्स्टिट्यूटचं, म्हणजे एनएफआयचं, दुखणं साधंच होतं. मुद्देमाल तज्ज्ञाकडे जायचा आणि रांगेत पडून राहायचा. शेवटी तज्ज्ञ चिठ्ठ्या काढाव्यात तसे शब्द टाकून शोध घ्यायचा, कारण गुन्ह्याची माहिती त्याला नसायची. ज्याला ती असायची त्या हवालदाराच्या हातात डिस्क कधी यायचीच नाही. एनएफआयनं अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेबरोबर ‘झिराफ’ नावाची प्रणाली रचली आणि २००६ मध्ये ती जगापुढे मांडली. डिस्क आली की ती आपोआप अनेक साधनांमधून जाते. प्रत्येक साधन आपल्याला कळेल तेवढं काढतं आणि सगळं एका शोधता येण्याजोग्या साठ्यात जमा होतं. मग तपास करणारा पोलीस आपल्या टेबलावरून, ब्राउझर उघडून, स्वतः प्रश्न विचारतो. २०१० च्या अखेरीपासून ही सेवा प्रत्यक्ष सुरू झाली. तिची मोठी बहीण ‘हान्स्केन’ पुढे आली. हान्स्केन हे सतराव्या शतकात सिलोनहून हॉलंडला नेलेल्या, रेम्ब्रांटनं कागदावर उतरवलेल्या हत्तिणीचं नाव.

या हत्तिणीला साजेसं ओझं मिळालं २०१६ मध्ये. एनेटकॉम ही कंपनी बदल केलेले ब्लॅकबेरी फोन विकायची. संदेश कूटबद्ध, सुमारे १९ हजार ग्राहक, आणि त्यात गुन्हेगारी टोळ्यांची माणसं असल्याचा पोलिसांचा आरोप. सर्व्हर कॅनडात, टोरांटोला. डच पोलिसांच्या विनंतीवरून कॅनडाच्या पोलिसांनी सात टेराबाइट माहितीची नक्कल काढली. कुलपं मजबूत होती, फक्त किल्ल्याही त्याच सर्व्हरवर टांगलेल्या होत्या. हान्स्केननं त्यातून ३६ लाख संदेश वाचण्याजोगे केले. कॅनडाच्या न्यायालयानं मात्र अट घातली होती: नाव घेतलेल्या तपासांपलीकडे ही माहिती वापरायची तर आधी न्यायाधीशाची परवानगी. आता सगळी मदार शोधाच्या शब्दांवर आली. ३६ लाख संदेश कोणीच सलग वाचणार नव्हतं. ज्या शब्दांनी शोध घेतला तेवढाच पुरावा दिसणार होता. बचाव पक्षाच्या वकिलांनाही हे उमगलं आणि छापील उतारे नकोत, आम्हालाही त्या साठ्यात शोधू द्या, असा धोशा त्यांनी लावला. ती मागणी रास्तच होती.

डेन्मार्कचा घोटाळा याहून साधा आणि म्हणून जास्त धडकी भरवणारा. दूरसंचार कंपन्यांकडून येणाऱ्या मोबाइलच्या कच्च्या नोंदी पोलिसांना वापरता येतील अशा तक्त्यात बदलणारी एक प्रणाली होती. बदलता बदलता ती काही नोंदी गाळायची. २०१९ मध्ये राष्ट्रीय पोलिसांच्या हे लक्षात आलं, दुरुस्तीही झाली. मग दुसरी गोष्ट सापडली: काही फोन चुकीच्या टॉवरला जोडलेले दिसत होते. म्हणजे घरी झोपलेला माणूस कागदावर गुन्ह्याच्या जागी. २०१२ पासूनच्या तब्बल १०,७०० खटल्यांची फेरतपासणी काढावी लागली, मोबाइलच्या पुराव्याचा वापर दोन महिने थांबवला गेला आणि ३२ जणांना कोठडीतून सोडलं. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी काही पेरलं नव्हतं. वर्षानुवर्षं फक्त तक्ता दिसत होता, त्यामागची कच्ची नोंद कोणी पडताळून पाहत नव्हतं.

डिजिटल पुराव्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा वाद आपल्याकडे आधी प्रमाणपत्राच्या रूपानं उभा राहिला, तोही जालन्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतला, असं पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं. पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण, सीडीवर उतरवलेलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द केली. प्रकरण वर गेलं आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागेलच, असं ठरवून टाकलं.

दुसरं प्रकरण पुण्याचं. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपच्या डिस्कची नक्कल बचाव पक्षानं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे पाठवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अहवालात आर्सेनलनं म्हटलं, की जून २०१६ मध्ये ईमेलवाटे ‘नेटवायर’ हा हेरगिरीचा प्रोग्रॅम त्या लॅपटॉपमध्ये शिरला आणि त्यातूनच आरोपींविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. त्यांच्या मुद्द्यांतला एक अगदी बारीक होता: लॅपटॉपवर वर्ड २००७ होतं, आणि पत्रं तयार झाली होती त्यानंतरच्या वर्डमध्ये. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं हे फेटाळलं. पुण्याच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात असा कोणताही प्रोग्रॅम आढळला नसल्याचं तिचं म्हणणं होतं. खटला सुरू होण्याआधीच एका डिस्कची दोन वाचनं अशी समोरासमोर आली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ सोबत प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना जोडलेला आहे: एक भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. हॅश लिहिणं आता बंधनकारक आहे आणि खूण करायला पर्याय दिले आहेत एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ आणि इतर. यातलं एमडी५ चिनी संशोधकांनी २००४ मध्येच मोडून दाखवलं होतं आणि एसएचए१ फेब्रुवारी २०१७ मध्ये सीडब्ल्यूआय आणि गूगलनं. झिराफ उभारताना एनएफआयच्या जोडीला होती तीच ही सीडब्ल्यूआय. मुद्दाम खटाटोप करून एकाच ठशाच्या दोन फाइल बनवल्या तरच ही कमजोरी भोवते, हे खरं. नमुन्यात उपकरणाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक विचारला आहे, रंगसुद्धा विचारला आहे. त्यातला मजकूर कोणत्या सॉफ्टवेअरनं, त्याच्या कोणत्या आवृत्तीनं वाचला, यासाठी रकाना नाही.